पुतणीचा काळा लघुग्रह

यंदा नंदाखाल गावातल्या माझ्या वाडीत केळीचा एवढा घड धरला, की त्याच्या भाराने जमीन दबून विहिरीचं पाणी काठापर्यंत वर आलं. सगळं गाव बघायला यायचं. तेवढ्यात धाकट्या भावाच्या मुलीने दुर्बिणीची चित्रं संगणकावर चाळता चाळता एक लघुग्रह शोधला आणि माझ्या वाडीतली माणसं उठून तिच्या ओट्यावर जाऊन बसली.

मी जळफळत तिला म्हणालो, "तिकडे गुरूच्या बाजूच्या पट्ट्यात फिरणारा कोळशासारखा काळा दगड. त्यात काय बघायचं?"

"काळा आहे म्हणूनच सापडत नव्हता, काका. पुढेमागे त्याला नाव सुचवायला मिळेल मला."

मी वाडीत गेलो, घड कापला, तिच्यापुढे नेऊन ठेवला आणि माझं नाव सुचवलं.

केळं सोलत ती म्हणाली, "उशीर केलात. बाबांनी सकाळीच शहाळी पाजली."