मामांची हरकत

आमच्या मामांइतका भित्रा माणूस अख्ख्या नांदुरा तालुक्यात सापडणार नाही, आणि सभा कशी चालवावी हे त्यांच्याइतकं पाठ असलेला माणूसही नाही. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी, हे कोणी विचारलं नाही तरी मी सांगते. पण मामांच्या त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे मला पदवीनंतरही पुष्कळ वर्षं कळलं नव्हतं.

मामा पालीला भितात, विजेला भितात, अनोळखी नंबरवरून फोन आला तर तो उशीखाली ठेवून बाहेर जाऊन उभे राहतात. पण खरी भीती मोठ्या आवाजाची. ते गावच्या शेतकरी सोसायटीचे सेक्रेटरी होते तेव्हा एका वार्षिक सभेत बोलता बोलता खुर्च्या उडाल्या. एक मामांच्या कानाजवळून गेली. तेव्हापासून त्यांनी नियम असे धरले, जसा पुरात माणूस झाडाची फांदी धरतो. घरातसुद्धा दोघांनी एकदम बोललेलं त्यांना चालत नाही. एक बोलतो, बाकीचे हात वर करून थांबतात. आज भाजी काय करायची यावर आधी सूचना, मग अनुमोदन, मग चर्चा. मामी एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "चुलीवर तवा तापला हाय, तुमची चर्चा झाली की सांगा." मामा शांतपणे म्हणाले, "हे विषयाला सोडून हाय." माझ्या लग्नाच्या बोलणीत नवरीकडचे आणि नवऱ्याकडचे हमरीतुमरीवर आले, तेव्हा मामांनी उभं राहून "सभा पंधरा मिनिटं तहकूब" असं जाहीर केलं आणि स्वतः संडासात जाऊन कडी लावून बसले. लोक इतके चक्रावले की भांडणच विसरले. लग्न झालं.

म्हणून मी सरपंच झाले तेव्हा सगळ्यात जास्त घाबरले ते मामा. त्यातच गावातल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक, जिनवाले भाऊ, यांचा ठराव आला. शाळेमागचं ग्रामपंचायतीचं मैदान त्यांना कापसाच्या गाड्या उभ्या करायला हवं होतं. त्या मैदानावर गावातल्या पोरी पोलीस भरतीसाठी पहाटे धावतात. दुसरी जागा नाही, आणि डांबरी रस्त्यावर कोणी आपली पोरगी अंधारात पाठवणार नाही. मैदान गेलं की पोरींचं धावणं संपलं. हे साऱ्या गावाला माहीत होतं. पण निम्मं गाव भाऊंच्या जिनिंगवर कामाला, आणि उरलेलं निम्मं त्यांच्या फटफटीच्या आवाजाला दचकणारं. शिवाय आमच्या ग्रामसभेची रीत अशी, की पुढच्या रांगेतून कोणीतरी "मंजूर!" ओरडतं, टाळ्या पडतात, ठराव पास. विरोधात कोण, हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

मामांनी मला आदल्या दिवशी समोर बसवलं. "आवाजावर ठराव पास करू नको वं. ज्याचा आवाज मोठा त्याचं गाव होते. आधी ठरावाच्या बाजूचे हात मोज, मंग विरोधातले मोज. मंगच निकाल."

"अन् भाऊंनं डोळे वटारले तर?"

"त्याले म्हनायचं, अध्यक्षांकडे पाहून बोला."

"म्हंजे माझ्याकडेच पाहीन ना तो!"

मामांनी बोटांवर नियम मोजून पाहिले. मग म्हणाले, "यावर नियम नाही."

सभेला माणसं मावेनात. मामा खांबाला टेकून, जमीन न्याहाळत. ठराव वाचून झाला, पुढून आरोळी उठली, टाळ्या वाजल्या. भाऊ हसून म्हणाले, "झालं ना बाई, पुढचा विषय घे." तरी मी म्हटलं, "हात वर करा, बाजूचे." पुढच्या रांगांचे हात झाले. "खाली घ्या. आता विरोधात कोण?"

भाऊ उठले नाहीत, बोलले नाहीत. त्यांनी फक्त आपली खुर्ची फिरवली. माझ्याकडे पाठ, गावाकडे तोंड. एकेका चेहऱ्यावरून नजर सावकाश पुढे जाऊ लागली. जिथे पोचेल तिथली मान खाली. पोरींच्या आया पदराशी चाळा करत राहिल्या. मी मोजायला उचललेलं बोट तसंच हवेत.

तेव्हा खांबाकडून चिरका आवाज आला. "अध्यक्षांच्या परवानगीनं… हरकतीचा मुद्दा."

"बोला, मामा."

"भाऊ उलटे बसून राह्यले. सभासदाचं तोंड अध्यक्षांकडे पाह्यजे."

"काय बे सेक्रेटरी," भाऊ म्हणाले, "लय दिवसांनी कंठ फुटला तुले?"

मामांनी दोन्ही हातांनी खांब धरला होता. पण उभे होते. मी टेबल धरलं आणि म्हटलं, "हरकत मान्य. भाऊ, इकडे तोंड करा. मोजणी होईपर्यंत."

सगळ्यांसमोर सरपंचाचं न ऐकणं त्यांनाही बरं दिसलं नसतं. खुर्ची करकरली. भाऊ माझ्याकडे बघू लागले, आणि तसं बघणं मी आयुष्यात विसरणार नाही. पण त्यांच्या पाठीमागे एक हात वर आला. मग दोन. मग बांगड्यांचा आवाज. मग जिनिंगवरच्या कामगारांचेही, अर्धे, खांद्यापर्यंतच. भाऊ माझा चेहरा वाचत होते, आणि मी तो दगडासारखा ठेवून मोजत होते.

ठराव पडला. भाऊ जाताना एवढंच म्हणाले, "पाहू." सभागृह रिकामं झालं तरी मामा खांबाशीच, हात वर, डोळे मिटलेले.

"मामा, हात खाली घ्या. निकाल झाला."

"कोन जिंकलं?"

"पोरी."

"अन् तो? कोन्या रस्त्यानं गेला?"

मी सांगितलं. आम्ही दुसऱ्या रस्त्याने, लांबून, घरी गेलो.

पोरी अजून धावतात. मी मामांकडे गेले की गप्पा रंगतात. मध्येच रस्त्यावर फटफटी वाजते आणि मामा अर्ध्या शब्दावर थांबतात. मीही थांबते. आवाज घरापुढून जातो, लांब जातो, विरतो. मग मामा हळूच विचारतात, "हं, कोन्या विषयावर होतो आपन?" आणि दोघांनाही ते आठवत नाही.