आरक्षण नावाचं बटण

वाचनालयाची वेबसाइट माझ्या गळ्यात पडली, ती मी त्या बैठकीला हजर होते म्हणून. दुसरं कारण नाही. जिल्ह्याच्या गावचं वाचनालय आणि साइट नाही, हे बरं दिसत नाही असं समितीत ठरलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. परभणीच्या या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून माझी सव्वीस वर्षं झाली. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं की माझं काम वाढतं, एवढं या वर्षांत मला पाठ झालं आहे.

साइट झाली. तिच्यात एक सोय मी हट्टानं घालून घेतली. हवं असलेलं पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे गेलेलं असेल, तर मोबाइलवरून घरबसल्या त्याला नंबर लावायचा. पुस्तक परत आलं की आम्ही ते तीन दिवस कपाटात बाजूला ठेवणार आणि तुम्हाला मेसेज जाणार. शहरातल्या माणसाला याची फारशी गरज नाही, तो जाता-येता डोकावतो. सोय केली होती गावाकडून एसटीनं येणाऱ्यांसाठी.

कुणी वापरली नाही. वर्ष उलटलं तरी नंबर लावणाऱ्यांची यादी कोरी. अध्यक्ष बैठकीत म्हणाले, "बाई, लोकांना नकोय ते. खेड्यातल्यांना कुठं जमतं हे सगळं? पुढच्या बैठकीत बंद करून टाकू." त्या 'कुठं जमतं'चा मला असा राग आला! पण हातात कोरी यादी घेऊन भांडणार कशावर? मी मान डोलावली आणि चहा घेतला.

पोखर्णीहून एक बाई दर शनिवारी यायच्या. वय पस्तिशीच्या आसपास, गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायचं काम. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटी धरायच्या. सरकारी भरतीच्या परीक्षेचा अभ्यास चालला होता आणि वयामुळे ही त्यांची शेवटची खेप होती. त्यांना मराठी व्याकरणाचं एक जाडजूड पुस्तक हवं होतं. आमच्याकडे त्याच्या दोन प्रती, दोन्ही कायम बाहेर. वाचनालयामागच्या गल्लीत खोल्या करून राहणारी अभ्यासाची मुलं पुस्तक परत आल्या आल्या उचलून नेत. बाईंनी विचारायचं, "आलं का मॅडम?" मी म्हणायचं, "आलं होतं, गेलं." परीक्षा दोन महिन्यांवर आली होती.

काउंटरवर कुणासाठी ओळखीनं पुस्तक ठेवायचं नाही असा ठराव आहे. तो माझ्याच आग्रहानं झालेला, त्यामुळे तो मीच मोडणं शक्य नव्हतं. "साइटवरून नंबर लावा ना," असं मी त्यांना दोनदा सांगितलं. त्या "हो हो, बघते" म्हणायच्या आणि पुढच्या शनिवारी पुन्हा रिकाम्या हातानं परत जायच्या. आम्ही दोघी एकाच समाजाच्या. काउंटरवर दुसरं कुणी नसलं की त्या हळूच जयभीम घालायच्या, कुणी असलं तर नमस्कार.

मग मला एका प्रशिक्षणात ऐकलेलं आठवलं. लोक साइट का वापरत नाहीत हे त्यांना विचारू नका, ते तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी सांगतात. त्यांना साइटसमोर बसवा, एक काम द्या, मागे उभ्या राहा आणि तोंड बंद ठेवा. तोंड बंद ठेवणं मला कधीच साधलेलं नाही. तरी ठरवलं, बैठकीच्या आधी पाच-सहा वाचकांना बसवून बघायचं.

पहिल्या बसवल्या त्या पोखर्णीच्या बाई. म्हटलं, "तुमचं व्याकरणाचं पुस्तक शोधा आणि ते मिळवण्यासाठी जे करावंसं वाटेल ते करा. मी काही सांगणार नाही. जे मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा."

"नाव टाकायलेय," त्या म्हणाल्या. "आलं बघा. बाहेर दिलेले हाय म्हणायलंय." खाली हिरवं बटण होतं. माउसचा बाण त्याच्यावर गेला, थांबला, आणि तिथून निघून वर आला. "झालं मॅडम. आता पुढल्या शनिवारी येते."

मला राहवलं नाही. "ते खाली काय आहे?"

"आरक्षण."

"मग दाबलं का नाही?"

त्यांनी मान वळवून हॉलमध्ये कोण कोण बसलंय ते बघितलं आणि आवाज खाली आणला. "ते नको मॅडम. इथली दोन पोरं मला तोंडावर म्हणली, तुमाला कशाला लागतंय एवढा अभ्यास, तुमाला हायच की. पुस्तक तरी मी माझ्या नंबरानं घेते."

मी खुर्ची ओढून खाली बसले. त्या बटणावरचा शब्द मी घातलेला होता. साइट करणाऱ्यानं तिथं इंग्रजी शब्द ठेवला होता. मराठी वाचनालयात मराठीच हवं म्हणून मी तो बदलायला लावला. माझे वडील रेल्वेत खलाशी होते, माझ्या डोळ्यासमोर जंक्शनवरची आरक्षणाची खिडकी होती. नोकरीला लागले त्या आठवड्यात पाठीमागे 'कोट्यातल्या बाई' ऐकलं होतं, पुढेही कितीदा ऐकलं, आणि तरी मला हे सुचलं नाही! दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

बाकीचेही बसवले. चारठाण्याकडचे एक बागायतदार, जुन्या देवळांवरची पुस्तकं नेणारे, बटण बघून हसायलाच लागले. "आमाला कुठं हाय ओ आरक्षण? हे आमच्यासाठी न्हाई." एका कारकुनाच्या बायकोनं बटणापर्यंत जाऊन विचारलं, "मॅडम, ह्याला जातीचा दाखला चालतो का व्हॅलिडिटीच लागती?" एक निवृत्त शिक्षक म्हणाले, आपण त्या भानगडीत पडत नाही. सहा जण बसवले आणि सहाच्या सहा त्या एका बटणापाशी अडले. पुस्तक शोधणं मात्र सगळ्यांना व्यवस्थित जमलं, खेड्यातल्यांनासुद्धा.

मी बाईंनाच विचारलं, "काउंटरवर पुस्तक राखून ठेवायला सांगायचं असेल तर तुम्ही काय म्हणाल?"

"माझ्यासाठी ठेवा म्हणीन. अजून काय म्हणायचं?"

साइटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, शब्द बदलायला काय, दोन मिनिटांचं काम आहे. त्या दोन मिनिटांना तीन आठवडे लागले. तोवर मी 'माझ्यासाठी ठेवा' असं कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती पडद्यावर त्या बटणाच्या जागी चिकटवली आणि पुन्हा माणसं बसवली. या वेळी कुणी अडलं नाही. बागायतदारांनी तर बोटानं चिठ्ठीच दाबली.

नवं बटण चालू झालं त्याच दिवशी यादीत पहिलं नाव पोखर्णीचं पडलं. आठ दिवसांनी एक प्रत परत आली, मी ती कपाटात ठेवली आणि बाई शनिवारी येऊन घेऊन गेल्या. मागून आणखी नावं येत राहिली. सेलू, जिंतूर, पूर्णा. मला बरं वाटलं, पण नाचावंसं वगैरे वाटलं नाही. एक शब्द काढायला वर्ष गेलं होतं.

बैठकीला मी एक पानाचा अहवाल नेला. त्यात लिहिलं होतं, 'बटणावरील शब्द वाचकांना संदिग्ध वाटत असल्याचे चाचणीत आढळून आले.' अध्यक्षांनी विचारलं, शब्द कुठला? मी सांगितला. ते टेबलावर थाप मारून म्हणाले, "म्हणजे बघा! आरक्षण काढलं की कसं सगळं सुरळीत चालतं!" सगळे हसले. खूप वेळ हसले. सोय चालू ठेवायची की नाही हे अजून ठरायचं होतं. मीही हसले.

सोय चालू राहिली. इतिवृत्त मीच लिहिते. 'चर्चेअंती सदर सुविधा चालू ठेवण्याचे ठरले', एवढं लिहून मी वही मिटली.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी बाई पुस्तक परत करायला आल्या. काउंटरवर कुणी नव्हतं. जयभीम झालं. "मिटिंगमधी काय झालं मॅडम? बंद करणार होते म्हणं?"

"नाही. चालू राहणार."

"लय चांगलं झालं." त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, ते काढायला लागल्या तर मी म्हटलं, राहू द्या. "मग तुमी सांगितलं का त्यांना, मी काय म्हणले होते ते? ती पोरं मला काय म्हणली ते?"

मी पुस्तकाचा नंबर बघत राहिले. खोटं बोलता आलं असतं.

"नाही सांगितलं," मी म्हणाले.

"का ओ?"

"ते बंद करतील असं वाटलं."

त्यांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "सांगायचं होतं मॅडम," त्या म्हणाल्या. "मी तुमाला म्हणून सांगितलं होतं."