शिडीवरचा एक शिक्का

आमच्या विणकरांच्या आळीत मत देणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. लग्न, मयत, नवा माग बसवणं यात जसे पंच, तसे मतदानातही पंच. निवडणुकीच्या आधी घरोघरचे कर्ते पुरुष आपापला धोटा घेऊन देवीच्या देवळात जात. धोटा म्हणजे मागावर उभ्या ताण्यातून इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, त्याच्या पोटात सुताची कांडी असते. तो देवीच्या पायाशी टेकवायचा आणि पंचांनी सांगितलं त्यालाच मत देईन म्हणून बोलायचं. कर्ता बोलला की घरातली सगळी मतं त्यात आली. शब्द मोडला, तर तो धोटा पुन्हा मागावर चालवायचा नाही, असा नेम होता. माझ्या लहानपणी कोणी मोडल्याचं ऐकलं नव्हतं.

मी पहिल्यांदा मत दिलं ते साठच्या दशकाच्या शेवटी, कॉर्पोरेशनच्या निवडणुकीत. आमच्या वॉर्डातून दोघं उभे होते. एक किराण्याचा ठोक व्यापारी, त्याचं चिन्ह तराजू. दुसरे आमचे गुरुजी, त्यांचं चिन्ह शिडी.

गुरुजी नालीच्या पलीकडच्या वस्तीतले. छप्पन साली त्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यात तेही होते. त्यांनी मला चौथीला शिकवलं. पुढे बाबा मला शाळेतून काढून कांड्या भरायला बसवणार होते, तेव्हा हा माणूस ओळीने तीन रविवार आमच्या दारात येऊन बसला. चहा घेतला नाही, भांडण केलं नाही, नुसता बसला. चौथ्या रविवारी बाबाच म्हणाले, "घेऊन जा बाप्पा हिले, पन माह्या दारातून उठा." मी मॅट्रिक झाले ती अशी.

निवडणुकीला उभं राहायचं म्हणून गुरुजींनी कॉर्पोरेशनच्या शाळेतली नोकरी सोडली. तिथले नोकर तिथल्याच निवडणुकीत उभे राहू शकत नसत. घरात बायको, तीन मुलं. लोक म्हणाले, डोकं फिरलं मास्तरचं. पण त्यांच्या डोक्यात ती नाली होती. आमची आळी आणि त्यांची वस्ती यांच्यामधून वाहणारी उघडी, कच्ची नाली. आमचे माग खड्ड्याचे, म्हणजे विणणारा जमिनीत पाय सोडून बसतो. पावसाळ्यात नाली तुंबली की ते घाण पाणी थेट त्या खड्ड्यात. बाबांच्या पोटऱ्यांना बारा महिने खाज. पलीकडे तर पाणी चुलीपर्यंत जायचं. गुरुजींचं सगळं भाषण दोन वाक्यांचं होतं: नाली पक्की करू, वरून झाकू. व्यापाऱ्याला नाली कुठून येते आणि कुठे जाते हेही ठाऊक नव्हतं. पण तो प्रत्येक देवळात लोटांगण घालायचा, दर्ग्यात चादर चढवायचा, आणि ऐकलं होतं की पलीकडच्या विहारात मेणबत्तीही लावून आला. कुठेही वाकायला त्याची कंबर तयार.

पंचांना नाली हवी होती, हे मात्र खरं. मोठ्या पंचांनी मला बोलावलं. "तुह्या गुरुजीले सांग, एक डाव देवळात ये अन् नालीच्या नावानं नारळ फोड. बस. मंग आमचे सारे मतं त्याचे."

त्यांच्या मनात पाप नव्हतं. आमच्याकडे माग बसवायचा तर नारळ, ताणा लावायचा तर नारळ. ज्याच्या हातून नारळ, ते काम त्याचं. त्यांच्या दृष्टीने हा मान होता.

मी उड्या मारत गुरुजींकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"येतो मी. चपला काढून बाजूले उभा राहीन. देवी तुमची आहे, तिचा मी अपमान करणार नाही. पण नारळ माझ्या हातून फुटणार नाही. दीक्षा घेताना तशी प्रतिज्ञा केली आहे वं पोरी. तू पंचांना हे आधीच सांग. मग बोलवायचं तर बोलवू दे."

मला राग आला. म्हटलं, "एका नारळानं काय होते, गुरुजी? नाली तर होईल नं!"

"आज मतासाठी हात जोडले, तर उद्या नालीबद्दल मी खरं बोलून राहिलो का खोटं, हे तुम्ही कशावरून ओळखाल?"

"आणि तुमच्या वस्तीतले? तुम्ही नारळ फोडला तर ते तुम्हाले मत देतील का? म्हणजे तेही धर्मच पाहून राहिले नं?"

ते म्हणाले, "हो. पाहून राहिले. त्याचं मले वाईट वाटते. पण म्हणून मी दोन्हीकडे खोटा होऊ का?"

मी परत आले आणि पंचांना सांगितलं, "येतो म्हणाले."

एवढंच सांगितलं. उरलेलं गिळलं. मला वाटलं, शंभर माणसं जमली, नारळ हातात दिला, की काय करतील? फोडतील. वर मला शाबासकी मिळेल. माझी अक्कल तेव्हा एवढीच चालायची आणि तिचा मला गर्वही होता.

शुक्रवारी सकाळी देवळापुढे सगळी आळी जमली. बायकांनी सडा घातला होता. गुरुजी आले, पायरीखाली चपला काढल्या, बाजूला उभे राहिले. मोठ्या पंचांनी ओंजळीने नारळ पुढे केला. गुरुजींनी तो घेतला नाही. दोन पावलं मागे सरून म्हणाले, "तुम्ही फोडा. मी इथंच उभा आहे."

आधी लोकांना कळलंच नाही. मग कुजबुज, मग आवाज चढले. कोणी म्हणालं, आमची देवी याले चालत नाही अन् आमची मतं चालतात! मोठे पंच नारळ तसाच धरून उभे होते. "तुमी तर येतो म्हनले होते, गुरुजी. असं चार लोकात काहून केलं?"

गुरुजींनी गर्दीत माझ्याकडे पाहिलं. एकदाच. एका वाक्यात ते सुटले असते: मी हे आधीच कळवलं होतं. पण ते पंचांना म्हणाले, "माझी चूक झाली. आधी बोलायला पाहिजे होतं." आणि चपला हातात घेऊनच नाली ओलांडून गेले.

मी तोंड उघडलं नाही. बाबा माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नालीकडे, आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. दणक्यात नारळ फोडला, खोबरं वाटलं. त्याच देवळात मग सगळ्यांनी आपापला धोटा टेकवला. बाबांनीही टेकवला. त्यांचा धोटा आजोबांच्या हातचा होता, वापरून वापरून काळा आणि गुळगुळीत झालेला.

मतदान त्याच शाळेत होतं जिथे गुरुजींनी मला शिकवलं. कागद उघडला तर तराजू आणि शिडी शेजारी शेजारी. मी शिक्का तराजूवर मारला. शपथेमुळे मारला असं म्हणता येईल, कोणी विचारलं असतं तर तसंच सांगितलं असतं. पण खरं कारण ते नव्हतं. त्या चार दिवसांत मला गुरुजींचा भयंकर राग येऊ लागला होता. त्यांनी मला वाचवलं होतं, हेच मला सहन होत नव्हतं. मी खोटं बोलले म्हणून मी त्यांना शिक्षा केली. दुसऱ्या शब्दांत मला हे सांगता येत नाही.

गुरुजी पडले. आमच्या आळीतून मोजणीला कोणी गेलं नव्हतं, निकाल तेवढा कळला. नाली पुढे देवळापर्यंत पक्की झाली आणि तिथेच थांबली.

निकालानंतर बाबा आठवडाभर मागावर बसले नाहीत. पाठ धरली म्हणाले. मग बाजारातून नवा धोटा आणला. जुना तडकला म्हणाले आणि कापडात गुंडाळून फळीवर ठेवून दिला. आईने एक अक्षर विचारलं नाही. मीही विचारलं नाही. लाकूड आहे, तडकतं.

सात-आठ वर्षांनी, मी स्वतः मास्तरीण झाल्यावर, शहरातल्या सदर भागात वह्या घ्यायला एका दुकानात शिरले. काउंटरमागे गुरुजी. केस पांढरे, चष्मा जाड. नोकरी परत मिळाली नव्हती, इथेच लागले होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

वह्या बांधता बांधता म्हणाले, "मोजणीच्या टेबलापाशी मी उभा होतो. पेट्या वेगवेगळ्या मोजत तेव्हा. तुमच्या आळीच्या पेटीतून शिडीवर एकच शिक्का निघाला. एकच. मी मनात म्हटलं, पोरीनं जाण ठेवली." दोऱ्याला गाठ मारून त्यांनी वह्या पुढे सरकवल्या. "त्या दिवशी पडल्याचं मले काही वाटलं नाही."

सांगायला हवं होतं. देवळापुढे एकदा गप्प बसले होते, निदान इथे तरी बोलायला हवं होतं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

घरी आले तेव्हा बाबा मागावर होते. मी फळीवरून ते कापड काढलं आणि सोडलं. धोटा खिडकीशी नेऊन उजेडात धरला, टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवलं. कुठेही तडा नव्हता.

बाबांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या धोट्याकडे पाहिलं.

"ठेव तो वर," ते म्हणाले, आणि पुन्हा विणू लागले.