साडूंचं डावं फुप्फुस

आमचे थोरले साडू जन्मले तेव्हा पाळणा समपातळीत आहे ना, एवढं बघूनच त्यांनी रडायला सुरुवात केली असणार. अंबडच्या एका कारखान्यात तयार माल तपासून नापास करणं ही त्यांची नोकरी. निवृत्त झाल्यावर त्यांनी उरलेलं जग तपासायला घेतलं. मिसळ खायला बसले की आधी टेबल हलवून बघतात आणि वेटरला सांगतात, "याचा एक पाय दोन मिलिमीटर कमी आहे." वेटर बिचारा तर्री वाढायला आलेला असतो. आमच्या लग्नात अंतरपाट एका बाजूला उतरलाय म्हणून त्यांनी चालू मंगलाष्टकं थांबवली होती. सासऱ्यांना घाम फुटला. अंतरपाट सरळ झाला, मुहूर्ताचं मात्र विचारू नका.

गेल्या वर्षी साध्या न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि साडूंच्या छातीत डावीकडे पाणी झालं, त्याचा पू झाला. दोन शब्द बोलले की दम लागायचा, अर्ध्यात थांबायचे. ते थांबले की त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची ताई, घाबरून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. सीटी स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसाभोवती जाड साल धरलीय. ऑपरेशन करून लवकर काढली नाही तर फुप्फुस कायमचं मिटलेलं राहील."

साडू म्हणाले, "आधी ड्रॉइंग... बघू." आणि फिल्म घरी घेऊन आले. चार दिवस त्या फिल्म खिडकीच्या काचेला लावून त्यांनी स्वतःच्या छातीचं पेन्सिलीनं ड्रॉइंग काढलं. समोरून, वरून, बाजूनं. ताई म्हणाली, "अहो, ऑपरेशनच्या कागदावर सही करा ना हो!" छे! पाचव्या दिवशी त्यांनी ड्रॉइंगची गुंडाळी डॉक्टरांच्या टेबलावर उलगडली. "रिपोर्टात डावं लिहिलंय. फोटोत बिघाड... उजवीकडे आहे. भलतीच बाजू उघडाल!"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "काका, तुम्ही वरून बघताय. आम्ही पेशंटच्या पायाशी उभं राहून बघतो."

"मग तसं... ड्रॉइंगवर लिहायला पाहिजे," साडू म्हणाले.

डॉक्टरांनी संगणकावर त्यांची छाती उभी केली आणि चहूबाजूंनी फिरवून दाखवली. उजवं फुप्फुस छान फुगलेलं होतं. डावं जाड सालीत आवळून एवढंसं झालं होतं. साडूंनी ते चार वेळा फिरवायला लावलं. मग विचारलं, "साल काढली तर... उघडेल?"

"उघडावं. पण हमी नाही देता येणार."

विनाहमी कागदावर साडूंनी जन्मात सही केली नव्हती. ती केली. बाहेर बाकावर बसल्यावर माझा हात धरून म्हणाले, "मला भीती वाटते हो."

ऑपरेशन झालं. फुप्फुस हळूहळू उघडलं. परवा ताईला घेऊन ते आमच्याकडे आले, लिफ्ट सोडून जिन्यानं, तिसऱ्या मजल्यावर. दारातच म्हणाले, "तुमच्या जिन्याची सातवी पायरी बोटभर उंच आहे, एखादा तोंडावर आपटेल, बिल्डरला बोलावून आधी ती तासून घ्या." एका दमात. त्यांनी खोड काढली की एरवी फणकारणारी माझी बायको पाणी आणायचं विसरून नुसती बघत राहिली. ताईनं पदर डोळ्यांना लावला.

मी त्यांना खुर्ची दिली आणि म्हटलं, "बसा. घरात अजून काय काय चुकलंय तेही सांगा."