देवाच्या घरची वेगळी चूल

मार्थाक्काने परात ओढली तेव्हा माझ्या मायचे दोन्ही हात पिठात होते.

भांडण नाही, शिवी नाही. ती वाकली, परातीची कड धरली आणि सरळ ओढून घेतली. मायचे हात तसेच हवेत राहिले. बोटांना जोंधळ्याचं ओलं पीठ चिकटलेलं. मार्थाक्का म्हणाली, "तू भांड्याकडं बस गे. पिठाला हात नको लावू."

मग तिने ते भिजवलेलं पीठ मांडवामागे बांधलेल्या बैलापुढे टाकलं. आमच्या डोळ्यांदेखत. बैलाने खाल्लं. बैलाला चाललं.

मी तेव्हा तिसरीत होते. मायच्या पाठीला टेकून उभी होते. तिची पाठ मला आधी ताठ लागली, मग सैल झाली. ती उठली, हात पदराला पुसले आणि राखेच्या ढिगाजवळ जाऊन बसली. तिथे आमच्या वाड्यातल्या बाकीच्या बाया आधीपासूनच काळी भांडी घासत होत्या. कुणी मान वर केली नाही.

ही आमची ख्रिस्ती जत्रा. सुगी झाली की मंठाळकडच्या, राजेश्वरकडच्या गावांतली आमची माणसं एका शेतात जमतात. पूर्वी बैलगाड्या होत्या, आता टेम्पो असतात. राहुट्या ठोकायच्या, तीन-चार दिवस राहायचं, मराठीत आणि कन्नडमध्ये गाणी म्हणायची, प्रार्थना करायच्या. प्रत्येक घराने पीठ आणायचं, ते एकत्र ओतायचं. मग चुलींची लांब रांग लागते आणि बाया भाकऱ्या थापतात. त्या भाकऱ्यांवर पाद्रीसाहेब प्रार्थना करतात आणि सगळे एका पंगतीत जेवतात. पाद्रीसाहेब म्हणतात, ही देवाच्या राज्याची पंगत.

पंगत एकच. त्यात कुणाला खोट काढता आली नसती. पण पंगतीआधी चूल असते, आणि चुलीपाशी कोण बसणार हे आमच्या आजोबांच्या वेळेपासून ठरलेलं होतं. मार्थाक्काच्या थोरल्या वाड्याच्या बाया भाकरी करणार. आम्ही खालच्या वाड्याचे, आम्ही जळण आणणार, भांडी घासणार. पाणीसुद्धा आम्ही भरायचं नाही. आम्ही घासलेल्या भांड्यांवर त्या पुन्हा पाणी फिरवून घ्यायच्या.

आम्ही मांग. ते आमच्याहून एक पायरी वरचे. गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांच्या लेखी दोघेही वेशीबाहेरचे. हॉटेलात दोघांचाही कप वेगळा, खिडकीत पालथा घातलेला. दोन्ही वाड्यांनी एकाच दिवशी, एकाच विहिरीच्या पाण्याने बाप्तिस्मा घेतला. जात धुऊन गेली असं तेव्हाच्या पाद्र्याने सांगितलं म्हणे. पायरी मात्र होती तिथेच राहिली.

मग माय त्या रांगेत जाऊन बसलीच कशी? तर सकाळच्या उपासनेत नव्या पाद्रीसाहेबांनी सांगितलं होतं की देवाच्या घरात थोरला नाही, धाकटा नाही. सगळे जण मान डोलवत होते. ऐकायचं आणि घरी जायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या मायला ते खरं वाटलं. एवढीच तिची चूक.

त्या संध्याकाळी मी विचारलं, "माय, कामून उठवलं तुला?"

"गप बस. पोटाला मिळालं न्हाई का?"

मी गप्प बसले नाही. दुसऱ्या दिवशी मुलांच्या वर्गात पाद्रीसाहेब स्वर्गाचं सांगत होते. देवाचं राज्य येणार, मोठी मेजवानी होणार, पूर्वेकडून पश्चिमेकडून लोक येऊन जेवायला बसणार. मी उभी राहून विचारलं, "मग तिथं भाकरी कोण करायलंय?"

सगळे हसले. मोठी माणसंसुद्धा हसली. पाद्रीसाहेबही हसले आणि म्हणाले, "तिथं भूकच नसतीय, बाळ."

मला रडू आलं, पण मनात एक गोष्ट पक्की बसली. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नव्हतं. भूक नसेल तर मेजवानी कशाला? त्या दिवसापासून कुणी फार गोड बोललं की मी आधी त्याच्या हातांकडे बघते. तोंडावर माझा विश्वास नाही.

मी हॉस्टेलात राहून शिकले. आता आशा कार्यकर्ती आहे. दोन्ही वाडे आणि अख्खं गाव माझ्याकडे आहे. थोरल्या वाड्यातल्या बाळंतिणींना मी दवाखान्यात नेते, रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसते. त्यांची पोरं मी तागडीत घालून तोलते, त्यांच्या जिभेवर पोलिओचे थेंब टाकते. मार्थाक्काची सून कळा देताना माझाच हात धरून ओरडत होती. अंगाला माझा हात चालतो. पिठाला चालत नाही.

मार्थाक्काचा नवरा म्हणजे दानियलअण्णा. आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, पंच. त्यांच्याबद्दल खरं सांगायचं तर माणूस लढाऊ. हॉटेलातल्या वेगळ्या कपांविरुद्ध पहिला आवाज त्यांनी उठवला. तहसीलसमोर धरणं धरलं तेव्हा मीही गेले होते, आमच्या वाड्यातल्या बायाही गेल्या होत्या. दानियलअण्णा उन्हात उभे राहून सांगत होते, न्याय म्हणजेच देवाचं राज्य, ते इथेच आणायचं, मेल्यावर नाही. मला वाटलं, हा माणूस माझ्या मनातलं बोलतोय. हॉटेलवाल्याला शेवटी कप काढावे लागले. त्या दिवशी आम्ही दोन्ही वाड्यांनी मिळून त्याच्याकडे चहा घेतला.

परतताना मी त्यांना म्हटलं, "अण्णा, आता जत्रेतल्या चुलीचं बघू."

ते चालता चालता थांबले. "ते येगळं, हे येगळं. घरातलं घरात ऱ्हाऊ दे."

त्यांचा चेहरा दुष्ट नव्हता. त्यांना खरंच ते वेगळं वाटत होतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

यंदा जत्रेच्या आधी ते स्वतः आमच्या घरी आले. सोबत आताचे पाद्रीसाहेब. दोघेही ओट्यावर बसले, मायने दिलेला चहासुद्धा प्याले. तेव्हाच मी ओळखलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

बेंगळूरहून पाहुणे येणार होते. मोठ्या संस्थेचे, कॅमेरा घेऊन. त्यांना देवाचं राज्य आणि न्याय या विषयावर साक्ष ऐकायची होती. आमच्यात साक्ष देतात. लोकांसमोर उभं राहायचं आणि देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं.

"तू बोल," पाद्रीसाहेब म्हणाले. "खालच्या वाड्याची पोरगी, शिकली, गावाची सेवा करायलीय. धरण्याचं सांग."

"आणि चुलीचं?"

पाद्रीसाहेबांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी बशी खाली ठेवली.

"दुनिया बघायलीय आपल्याकडं," ते म्हणाले. "आपली धुणी कामून बाहेर वाळत घालायची?"

"मग यंदा आमच्या बाया त्या रांगेत बसू द्या. मी लागेल ते बोलते."

दोघेही तसेच उठले आणि गेले. चार दिवसांनी निरोप आला. खालच्या वाड्यासाठी चूल मांडायची ठरली. नवी चूल, नवी परात, नवा तवा, सगळं मंडळी देणार. पाद्रीसाहेबांनी वर सांगून पाठवलं की ही पवित्र आत्म्याची जीत आहे.

आमच्या वाड्यात आनंदीआनंद. बाया एकमेकींच्या घरी जाऊन सांगू लागल्या. माझ्या मायने तर लगेच डब्यातून जोंधळे काढले आणि निवडायला बसली.

मी म्हटलं, "माय, ही येगळी चूल हाय. गावानं आपल्याला येगळी विहीर दिली, येगळं मसणवट दिलं. ही त्यातलीच."

"तुला सगळ्यात खोट दिसतीय," माय म्हणाली. "म्हातारी झाले मी. एकदा देवाच्या कामाला भाकरी थापू दे मला."

तिला अडवण्याचा मला काय अधिकार? मी साक्ष द्यायला कबूल झाले नाही, नाहीही म्हटलं नाही.

जत्रेत आमची चूल मोठ्या रांगेपासून लांब, बाभळीखाली मांडली होती. माय सकाळपासून तिथे होती. तिच्या भाकऱ्या अजूनही अशा फुगतात की बघत राहावं. पाहुण्यांनी तिचे फोटो काढले. ती लाजली. तोंडभरून हसली. मी तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं, आणि मी बाभळीपासून मोठ्या रांगेपर्यंतचं अंतर मोजत होते.

पंगत बसली. मी वाढणाऱ्यांच्या हातांकडे बघत होते. जुनी खोड. भाकऱ्यांच्या टोपल्या दोन होत्या. मोठ्या रांगेतली टोपली पंगतीच्या वरच्या टोकापासून फिरत आली आणि मध्येच थांबली. तिथून पुढे आमच्या वाड्याची माणसं बसली होती. त्यांच्यापुढे बाभळीखालची टोपली फिरली. कुणी कुणाला सांगितलं नाही, कुणी खुणावलं नाही. सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं. पाहुण्यांना काय कळणार? भाकरीसारखी भाकरी.

मी मायची टोपली उचलली. अर्धी भरलेली होती. पंगतीच्या वरच्या टोकाला गेले. तिथे दानियलअण्णा पाहुण्यांशेजारी बसले होते. त्यांच्या ताटात नुसती आमटी होती. भाकरी संपलेली.

"घ्या अण्णा," मी म्हटलं. "मायनं केलीय."

त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"बास. पोट भरलंय."

"एवढ्यात?"

"भरलंय म्हटलं न्हवं!"

शेजारच्या पाहुण्याने हौसेने हात पुढे केला. मी त्याला भाकरी वाढली, तो खाऊ लागला. अण्णांचा हात ताटावर तसाच. हा तोच हात, धरण्यात मूठ करून वर जायचा. मी वळून पाहिलं. माय टोपलीच्या मागोमाग आली होती. माझ्या पाठीशीच उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

मला त्या क्षणी जो राग आला तो मला लिहिता येत नाही. अण्णांचा राग होताच. पाद्र्याचा होता. पण त्या देवाचाही राग आला, ज्याच्या नावाने ही पंगत बसते आणि जो दर वर्षी मूग गिळून बघतो.

जेवणानंतर साक्ष होती. कॅमेरा लावलेला. पाद्रीसाहेबांनी माझं भरभरून कौतुक केलं. मी मंचावर उभी राहिले.

मी म्हटलं, "हॉटेलातला येगळा कप आम्ही सगळ्यांनी मिळून काढला. आज जेवताना मी माझ्या मायनं केलेली भाकरी आमच्या अण्णाला वाढायला गेले. अण्णानं ताट झाकलं. एवढीच माझी साक्ष."

खाली उतरले. बाजा वाजवणारा गडबडला आणि त्याने घाईघाईने गाणं सुरू केलं. पाहुण्यांना मराठी फारसं येत नव्हतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता रोज कुणी ना कुणी घरी येतं. मी पंचाचा अपमान केला म्हणे. मार्थाक्काने सुनेला बजावलंय की मला उंबऱ्याच्या आत घेऊ नको. पाद्रीसाहेब म्हणाले, "अगं, एकी मोडायलीस तू. बाहेरचे हसतील. देवाच्या राज्याला वेळ लागतो." मी त्यांना विचारलं, वेळ कुणाला लागतोय, देवाला की तुम्हाला? ते उठून गेले. परवा अण्णांचा निरोप आला की मला मंडळीच्या समितीत घेतील, बायकांच्या वतीने. मी तोही परत पाठवला. तिथे मला बसवायला खुर्ची देतील आणि तोंडाला कुलूप लावतील, हे न कळण्याइतकी मी भोळी राहिलेली नाही.

माय माझ्याशी बोलत नाही. चुलीपाशी बसते आणि बघत राहते. देवाच्या कामाला भाकरी थापल्याचा तिचा आनंद मी मोडला, हे मला ठाऊक आहे. काल वाड्यातल्या बाया आमच्या अंगणात जमल्या. माझं बोलून झालं. दोघीतिघी उठून निघून गेल्या, बाकीच्या बसून राहिल्या. जितक्या बसल्या तितक्या मला पुरेत.

म्हणून आता सरळ सांगते. पुढच्या जत्रेला आम्ही जळण आणणार नाही. राखेपाशी बसणार नाही. बाभळीखालची चूल मी स्वतः पायाने मोडीन. आम्ही पीठ घेऊन येऊ आणि त्या लांब रांगेत, थोरल्या वाड्याच्या बायांना खांदा लावून बसू. उठवायचं असेल तर कॅमेऱ्यासमोर उठवा, हाताला धरून उठवा, आम्ही पुन्हा बसू. आणि देवाच्या राज्यातही आमच्यासाठी वेगळी चूल मांडून ठेवलेली असेल, तर त्याच्या दारातही मी धरणं धरीन.