डिझेलचा विटाळ

"अडचण नाही ना तुम्हाला?"

विहिरीच्या कठड्यावर पाय ठेवला आणि मागून अण्णांनी विचारलं. अण्णा म्हणजे वाडीचे मालक. अलिबागच्या खाली, समुद्राला लागून त्यांची नारळी-पोफळीची वाडी. आधीचा इंजिनियर दुसऱ्या साइटवर गेला म्हणून मी त्या दिवशी पहिल्यांदा तिथे आले होते.

"आहे ना," मी म्हटलं. पंप आणखी खाली सोडायचा होता, पण केबल तोकडी पडत होती. मला तेच सांगायचं होतं.

अण्णा झटकन मागे सरले, पायाखाली साप आल्यासारखे. बायकोला हाक मारली. "अगं, ही तशीच विहिरीवर चढलीय." मी अजून केबलचंच बोलत होते. माझे दोन हेल्पर मान खाली घालून पाइप पुसायला लागले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

आणि मी काय केलं? खुलासा दिला. सगळ्यांसमोर. "तशी अडचण नाही हो अण्णा, केबलची आहे." एम.एस्सी. झालेली बाई मी, आणि परक्या पुरुषाला आपल्या अंगाची ग्वाही देत होते. तीही विनवणीच्या सुरात. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

"बायका असंच सांगतात," अण्णा म्हणाले. मग आडनाव विचारलं. गाव विचारलं. मी पेणकडच्या आगऱ्यांची, हे कळल्यावर त्यांना सगळा उलगडा झाला. "तरीच. तुमच्यात पाळत नसतील."

आता ही पवित्र विहीर कसली होती ते सांगते. अण्णांनी वाडीत जमिनीखाली टाकी पुरली होती. त्यातलं डिझेल ते होड्यांना विकायचे. टाकी गंजली, गळली, डिझेल मातीत मुरलं आणि विहिरीत उतरलं. वाकून बघितलं तर पाण्यावर तवंग, डोळे चुरचुरायचे. खालच्या पाड्यातल्या विहिरीलाही वास यायला लागला. तक्रारी झाल्या, वरून आदेश आला, म्हणून अण्णांना आमची कंपनी बोलवावी लागली. पंप आधीच्या इंजिनियरनेच चालू केला होता. टाकी त्यांची, डिझेल त्यांचं, घाण त्यांची. विटाळ तेवढा माझा.

अण्णांच्या बायकोने, वहिनींनी, तांब्या आणला. अण्णांनी कठड्यावर गोमूत्र शिंपडलं, पाइपवर शिंपडलं, उरलेलं विहिरीत ओतलं. डिझेलवर गोमूत्र. एवढी पुस्तकं वाचली, पण ही पद्धत मला कुणी शिकवली नव्हती. मग मला फाटकाबाहेर काढलं आणि हुकूम सोडला. "चार दिवस विहिरीला कुणी हात लावायचा नाही. पंप बंद."

आमची पद्धत साधी आहे. विहिरीतून पाणी सतत उपसायचं. तवंग वेगळा काढायचा, खालचं पाणी कोळशाच्या टाक्यांतून गाळायचं. पण खरी मेख उपशात आहे. उपसा चालू असला की आजूबाजूचं घाण पाणी या विहिरीकडेच ओढलं जातं. थांबला की ते उताराने पाड्याकडे निघतं. किनाऱ्याची वाळूची जमीन, पाण्याला वाट करून द्यावी लागत नाही.

हे मी साहेबांना फोनवर सांगितलं. साहेब नवी मुंबईत, एसीत. "क्लायंट आहे," ते म्हणाले. "अ‍ॅडजस्ट कर. चार दिवस सुट्टी समज." मी सुट्टी समजले. घरी जाऊन बसले. आईने विचारलं तर डोकं दुखतंय म्हटलं.

पाचव्या दिवशी सकाळी वाडीकडे जाताना पाड्यातल्या हिराकाकीने वाटेत अडवलं. काखेत रिकामी कळशी.

"बाय, आमचे पान्याला परत वास मारतंय. मधी कमी झाल्ता. तांदूल धुतला त भाताला बी वास."

"कधीपासून?"

"तुमची मशीन बंद परली तवापासून."

मशीन बंद पडली नव्हती, बंद ठेवली होती. मी तिला सगळं सांगितलं, गोमूत्रासकट. ती हसली नाही. म्हणाली, "टाकी गलते त्याचा इटाल नाय, न् बाईचा इटाल?"

एवढंच. पण चार दिवस मला जे सुचलं नव्हतं ते तिने कळशी सावरता सावरता सांगून टाकलं. मला लाज वाटली, आणि मग चीड आली. या माणसाला मी खुलासे देत होते.

अण्णा झोपाळ्यावर बसले होते. "झालात मोकळ्या?" त्यांनी विचारलं, मोठे उपकार केल्यासारखं.

"आज सकाळीच पाळी आलीय," मी म्हटलं. खरंच आली होती. "आणि मी विहिरीवर चढतेय."

चढले. बटण दाबलं. पंप घरघरला आणि पाइप पाण्याने ताठ झाला. अण्णा ओरडत होते, वहिनी दारात उभ्या होत्या, तांब्या न घेता. साहेबांचा फोन आलाच. मी त्यांना म्हटलं, "ज्या ऑफिसने साफसफाईचा आदेश दिला, त्यांना कळवू का? पंप कोणी बंद ठेवला आणि कशासाठी?" अ‍ॅडजस्ट हा शब्द साहेबांना पुन्हा आठवला नाही.

अण्णा आता माझ्याशी बोलत नाहीत. बरं झालं. ज्याला आपल्या टाकीची घाण दिसत नाही, आणि बाईचं रक्त मात्र न बघता दिसतं, त्याच्याशी बोलायचं तरी काय?

कंपनी मला कधीही काढेल. काढू दे. पाड्यातल्या बायकांना मी पंप दाखवलाय. तो थांबला तर कुणाच्या विहिरीत काय येतं, हेही सांगितलंय. हिराकाकीची विहीर साफ होईपर्यंत तो चालणार. कुणी बंद केला तर आम्ही चालू करू. विचारणार नाही.