आज्याचं खळं

मी शाळेत दुसरीच्या पुढं गेलो नाही. तरी कळसच्या शिवारात ऊस कसा शिरला, हे मला कुणी शिकवू नये. ते मी अंगावर घेतलंय. डाव्या खांद्यावर अजून वळ आहे, बापाच्या आसुडाचा.

आमचा आजा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पिकवायचा. रानाच्या मधोमध त्याचं खळं होतं, चोपून चोपून दगडासारखं केलेलं, मध्ये बाभळीची मेढ. मेढीभोवती बैल फिरवून मळणी व्हायची. राशीतलं पहिलं सूप देवाचं, दुसरं सुताराचं. सुतार वर्षभर आमची अवजारं भरायचा, त्याचं ते बलुतं. खळ्यात पायताण घालून कुणी शिरायचं नाही. एकदा बाप शिरला, तर आज्यानं त्याच पायताणानं त्याचं थोबाड फोडलं. तेव्हा बाप दोन लेकरांचा धनी होता.

मग कालव्याचं पाणी आमच्या बांधाला लागलं आणि बापाच्या डोक्यात ऊस घुसला. आजा कसाबसा कबूल झाला.

"एक साल कर. कापलास की परत शाळू. आन खळ्याला नांगर लावायचा न्हाय."

बाप व्हय म्हणाला. माघात लागणीसाठी नांगरट सुरू झाली आणि त्यानं बैल सरळ खळ्यावर घातले. नांगर माझ्याच हातात होता. मला मिसरूड फुटलं होतं, पण बापापुढं बोलायची रीत नव्हती. आजा धावत आला आणि मेढीला मिठी मारून उभा राहिला.

"आबा, सरका," बाप म्हणाला.

"घाल माझ्या अंगावरनं."

"औंदा दाणा न्हाय मळायला. रिकामी जागा काय कवटाळून बसलाय?"

"औंदा न्हाय, पुढल्या साली हाय."

नांगराची पाचर ठोकायला आलेला सुतार बांधावरून म्हणाला, "दादा, खळं मोडलंत तर मला बलुतं कशाचं देणार? पाचटाचं?"

हे ऐकून नांगरटीला आलेले गडी हसले. बाप गर्रकन फिरला आणि त्याचा आसूड सुताराच्या कानावर बसला. पाळी फाटून लोंबायला लागली. सुतारानं लाकूड तासायच्या वाकसाचा दांडा बापाच्या गुडघ्यावर हाणला. बाप पडला, उठला आणि राग काढायला आज्याकडं वळला. मेढीवरच्या बोटांवर फटके मारत सुटला. बोटांची सालटी निघाली, पण म्हाताऱ्यानं मेढ सोडली नाही. मी नांगर टाकून मधी पडलो. एक फटका खांद्यावर घेतला, आसूड हिसकला आणि बापाच्या तोंडावर बुक्की मारली. त्याचा दात माझ्या मुठीत रुतला.

बापावर हात टाकला म्हणून भावकीनं माझ्याशी बोलणं सोडलं. सोडलं तर सोडलं. तसाच प्रसंग आला तर आजही टाकीन.

खळं वाचलं. चहूकडून ऊस डोक्याच्या वर गेला, तरी आजा वाकड्या झालेल्या बोटांनी ते सारवत राहिला. ऊस तुटला, गुऱ्हाळ झालं. आज्यानं सुताराला निरोप धाडला, पेरायची पाभर भरून ठेव, औंदा शाळू. सुतार आपणहून रान बघायला आला. आम्ही तिघं बांधावर चढलो आणि आजा थबकला.

तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून हिरवे कोंब आले होते, सगळ्या रानात. बाप पाणी देत होता. आज्याला वाटलेलं, ऊस म्हणजे शाळूसारखा, कापला की संपला. घरात कुणी त्याला खोडवा सांगितला नव्हता आणि विचारणं त्याच्या रक्तात नव्हतं.

कुदळ उचलून तो कोंबांवर तुटून पडला. बाप ओरडत आला, "आबा, खोडवा हाय त्यो! आपलं आपण आलेलं पीक हाय!"

"एक साल म्हणालास."

"लावलाय एकदाच की."

आज्यानं कुदळ फेकली. ती बापाच्या नडगीत शिरली. पाटाचं पाणी लाल झालं. बाप पाय धरून चिखलात बसला. ह्या वेळी तो मारायला उठला नाही. आजा हातांनी कोंब उपटत राहिला, धापा टाकत, शिव्या देत.

"आबा, किती उपटताल?" सुतार म्हणाला. "सकाळच्याला परत येत्यात त्ये."

मग तो चालत मेढीपाशी गेला. "हिच्यापायी माझा कान गेला. सूपभर दाणा न्हाय मिळाला. आता हिला पुजायची का?"

त्यानं वाकस उगारला. मी त्याचं मनगट धरलं, पिरगाळलं.

"सोड त्याला," आजा म्हणाला. तो उठून आला आणि सुतारापुढं हात केला. "आण हिकडं."

बोटं मिटत नव्हती म्हणून त्यानं वाकस दोन्ही तळहातांत दाबून धरला आणि मेढीच्या बुडात घाव घालायला लागला. ढलप्या उडून त्याच्याच तोंडावर बसत होत्या. चिखलातून बाप म्हणाला, "आबा, ऱ्हाऊ द्या आता."

म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. मेढ आडवी झाल्यावरच थांबला. गावात पुढं सांगायचे की उसापायी पोरानं बापाचं खळं मोडलं. खोटं आहे. ते आज्यानं मोडलं, स्वतःच्या हातानं. दुसऱ्या कुणाची टाप नव्हती.